पहिला पतंग : नवी मुंबईचा वारा आणि गोव्याचा किनारा

नवी मुंबईला वारा परका नाही. पूर्वेस पारसिकची डोंगररांग, पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि दक्षिणेस पनवेलची खाडी, अशा बेचक्यात हे शहर वसले आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, तेव्हा येथे भातखाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. पण वाऱ्याने आपले वेळापत्रक बदललेले नाही. थंडी ओसरली की दुपारी खारे वारे सुटतात, मुंबई बेट ओलांडून खाडीवर उतरतात आणि पाम बीच मार्गावरील झाडांचे शेंडे पूर्वेकडे कलवतात. रात्री जमीन निवली की मतलई वारे उलट दिशेने वाहू लागतात. शाळेच्या भूगोलात सर्वांनी वाचलेला हा धडा दिवाळे आणि सारसोळे येथील कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत.

याच शहरातील अनेक व्यापारी घरांत आता वाऱ्याविषयीचा एक नवा प्रश्न येऊन पोहोचला आहे. आजोबांनी मशीद बंदरच्या गल्ल्यांत व्यापार केला, वडिलांनी वाशीच्या घाऊक बाजारात गाळा उभा केला आणि तिसऱ्या पिढीतील मुलगा किंवा मुलगी सुटीत गोव्याला जाऊन काइटसर्फिंग पाहून आली. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, आकाशात कमानीसारखा पतंग आणि पाण्यावरून वाऱ्याच्या जोरावर धावणारा माणूस, असे हे दृश्य तरुण मनाला भुरळ घालणारे आहे. घरी परतल्यावर मागणी येते ती पतंगाची. वडील किमतीचा विचार करतात, आई धोक्याचा, आणि ज्याला शिकायचे आहे तो रंगाचा व नावाजलेल्या कंपनीचा. तिघांचेही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते वाऱ्यात, शिकणाऱ्याच्या वजनात आणि संकटाच्या क्षणी पतंग किती सहज सोडता येतो, यात असते.

संक्रांतीच्या पतंगाहून वेगळा

संक्रांतीला गच्चीवर उडणारा पतंग माणूस ओढतो. काइटसर्फिंगचा पतंग माणसाला ओढतो. हा भेद लहान वाटला तरी सारे काही त्यातच सामावले आहे. वाऱ्याच्या बळावर ओढून घेण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टॉल येथील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या घोडाविरहित गाडीचे पेटंट घेतले. १९०३ साली सॅम्युएल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी पार केली. पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवायचा कसा, हा प्रश्न मात्र राहिला. फ्रान्समधील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ साली हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट घेतले आणि तो प्रश्न सोडवला. पतंगाच्या पुढच्या कडेच्या नळीत पंपाने हवा भरली की तो पाण्यावर तरंगतो आणि दोऱ्यांच्या साहाय्याने पुन्हा हवेत चढवता येतो. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेय येथील समुद्रावर हा खेळ प्रथमच पदकांसाठी खेळला गेला. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बॉन्टस आणि महिलांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनी सुवर्णपदके मिळवली.

हा पतंग साधारणपणे चार दोऱ्यांनी एका आडव्या दांड्याला जोडलेला असतो; त्याला बार म्हणतात. दोऱ्या बहुधा वीस ते चोवीस मीटर लांब असतात. मधल्या दोन दोऱ्या ओढीचा भार थेट कमरेच्या पट्ट्यावर, म्हणजे हार्नेसवर, आणतात; कडेच्या दोन दोऱ्या दिशा देतात. बार स्वतःकडे ओढला की पतंग वारा अधिक पकडतो. दूर ढकलला की वारा सोडतो. या दुसऱ्या क्रियेला डिपॉवर म्हणतात. पहिला पतंग निवडताना हा शब्द विशेष ध्यानात ठेवावा.

खाडी काय सांगते

एवढा वारा आणि एवढे पाणी दारात असताना शिकायला गोव्यापर्यंत का जावे, असे नवी मुंबईकराला साहजिकच वाटते. ज्या कारणांनी खाडी या खेळाला नकार देते, त्याच कारणांतून चांगल्या किनाऱ्याची पारख शिकता येते.

पहिले कारण तळाचे. ठाण्याची खाडी ओहोटीला चिखलाचे मैदान होते. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरपेक्षाही जास्त असतो, आणि ज्या जागी दुपारी गळ्याएवढे पाणी असते तेथे सायंकाळी गुडघाभर गाळ उरतो. शिकणारा वारंवार पडतो, चालत परत येतो. गाळात रुतलेल्या पायांनी हे शक्य नाही. दुसरे कारण वाऱ्याचे. समुद्रावरून आलेला वारा मुंबईच्या इमारतींवरून घासत येतो, आणि अडथळ्याच्या पाठीमागे त्याच्या उंचीच्या अनेक पट अंतरापर्यंत वारा भोवऱ्यासारखा विस्कटलेला असतो. जमिनीवर तो आल्हाददायक वाटतो, पण पतंगाला तो एक क्षण हिसका देतो आणि पुढच्या क्षणी टाकून देतो. तिसरे कारण काठाचे. खाडीच्या कडेला कांदळवन आहे, खाडीतून उच्चदाब वीजवाहिन्यांचे मनोरे गेले आहेत, पूल आहेत. चोवीस मीटर दोरीच्या टोकाला असलेला पतंग यांपैकी कशातही अडकला, तर पुढचा परिणाम सांगण्याची गरज नाही.

चौथे कारण पाहुण्यांचे. दरवर्षी थंडीच्या सुमारास हजारो रोहित पक्षी या खाडीत येतात आणि उन्हाळाअखेरपर्यंत चिखलातील सूक्ष्म जीव व शैवाल टिपत राहतात. २०१५ साली ठाणे खाडीचा एक भाग रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून भरतीची वेळ साधून नावेतून हे पक्षी पाहता येतात. ज्या महिन्यांत वारा पतंगाजोगा असतो, त्याच महिन्यांत हे थवे येथे मुक्कामाला असतात. घारीएवढ्या छायेनेही उठणाऱ्या थव्यावर बारा चौरस मीटरची रंगीत छाया फिरवणे, ही कल्पनाच नको. संक्रांतीला मांज्याने कापलेल्या पक्ष्यांसाठी धावणाऱ्या घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पाचवे कारण नवे आहे. उलव्याजवळील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्यामुळे या परिसराचे आकाश आता मोकळे उरलेले नाही. गंमत अशी की १९३४ च्या विमान कायद्यातील ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येतच पतंगाचा समावेश होता! कायद्याच्या नजरेने पाहिले, तर पतंग कधीच पोरखेळ नव्हता.

उरते उरण. जानेवारी २०२४ पासून नेरुळ-बेलापूरची लोकल उरणपर्यंत जाऊ लागल्यामुळे पिरवाडीचा किनारा शहराच्या आवाक्यात आला आहे. सूर्यास्त पाहावा, वारा चेहऱ्यावर घ्यावा, दूरवरची जहाजे मोजावीत, यासाठी तो उत्तम आहे. परंतु खडक, जहाजांची वर्दळ आणि आसपासची संरक्षण व तेल क्षेत्रातील आस्थापने पाहता नवशिक्याचा पतंग तेथे नसावा. वारा ओळखण्याची शाळा म्हणून मात्र त्याचा उपयोग करून घ्यावा. वारा समुद्राकडून सरळ येतो की किनाऱ्याला तिरपा लागतो, लाटांवर पांढरे फेस कधी दिसू लागतात, दुपारचा जोर किती वाजता ओसरतो, हे चार रविवार वहीत लिहून ठेवले, तर पुढील शिक्षणाचा अर्धा पाया घरीच तयार होतो. शहरातील तरणतलावात पोहणे पक्के करणे हा दुसरा अर्धा.

पनवेलहून किनाऱ्याकडे

गोव्याच्या उत्तरेस पेडणे तालुक्यात मोरजी, आश्वे आणि मांद्रे असे एकाला एक लागून किनारे आहेत. पनवेलला कोकणकन्या किंवा मांडवी एक्स्प्रेस पकडून थिवी येथे उतरावे. तेथून मोटारीने हे किनारे फार दूर नाहीत. मोपा येथील मनोहर विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून विमानाने जाणाऱ्यांनाही उत्तर गोवा जवळ आला आहे. पश्चिमेकडे तोंड करून पसरलेली वाळू, समोर अडथळा नसलेला अरबी समुद्र आणि दुपारी वायव्येकडून किनाऱ्याला तिरपा लागणारा वारा, ही या भागाची देणगी आहे. तिरपा वारा शिकणाऱ्याला समुद्रात दूर नेत नाही. तो त्याला किनाऱ्याच्या कडेकडेने परत वाळूकडे आणतो. पहाटेचा मतलई वारा कितीही मोहक असला, तरी जमिनीवरून समुद्राकडे वाहत असल्यामुळे तो नवशिक्याचा शत्रूच समजावा.

फेब्रुवारी ते एप्रिल हा येथील मुख्य काळ. वारा दुपारी चढतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास मंदावतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबांना येथे थोडे नियोजन करावे लागते. दुपारी एक ते साडेचार हा वेळ पाण्यासाठी ठेवून पाच वाजता किनारा सोडला, तर नियम आणि वारा दोन्ही सांभाळले जातात. कंदमुळांविना स्वयंपाकाची सोय आधी विचारून ठेवावी; थेपले, खाखरे आणि सुकी भाजी बरोबर असलेली बरी. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि हा सारा खेळ थांबतो. म्हणजे चातुर्मासात जसा प्रवास मिटतो, तसा पतंगही घडी होऊन पिशवीत विसावतो. मोरजीच्या वाळूवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्यांच्यासाठी कुंपण घातलेल्या भागाजवळ पतंग पसरू नये, हेही ध्यानात असावे.

चांगल्या वर्गात पहिल्या दिवशी पाण्यात शिरूच देत नाहीत. आधी वाळूवर दोन-तीन चौरस मीटरचा छोटा सराव पतंग हाती येतो. त्याला ट्रेनर काइट म्हणतात. त्यावर वाऱ्याची खिडकी शिकवली जाते: पतंग डोक्यावर किंवा दोन्ही कडांना असेल तेव्हा ओढ कमी, समोर, वाऱ्याच्या दिशेने खाली उतरेल तेव्हा ओढ सर्वांत जास्त. त्यानंतर फळीशिवाय पाण्यातून पतंगाने ओढून घेणे, पडलेला पतंग उठवणे, सुटका करणे, आणि मग फळीवर उभे राहणे. या क्रमातील एकही पायरी गाळून पुढे जाऊ नये. शिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय मान्यतेचे प्रमाणपत्र आहे का, एका वेळी तो किती जणांना शिकवतो आणि किनाऱ्यावर मदतनीस असतो का, हे तीन प्रश्न फी भरण्यापूर्वी विचारावेत.

येथे व्यापारी घरांना परिचित असलेला नियम लागू पडतो: नमुना पाहिल्याशिवाय माल उचलायचा नाही. वर्ग पूर्ण होईपर्यंत पतंग विकत घेऊच नये. वर्गात दोन-तीन आकारांचे पतंग हाताळायला मिळतात, आणि कोणत्या आकाराने आपण फळीवर उभे राहू शकलो, हे प्रत्यक्ष कळते. ही माहिती कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची आहे.

वजन, वारा आणि क्षेत्रफळ

पतंगाचा आकार चौरस मीटरमध्ये मोजतात. बाजारात साधारण पाच ते सतरा चौरस मीटरचे पतंग असतात. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. निवडीसाठी एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे: शिकणाऱ्याचे किलोतील वजन भागिले नॉटमधील वारा, गुणिले २.२. उत्तर येते ते चौरस मीटर.

गोव्यात शिकणाऱ्याला दुपारी चौदा नॉट वारा मिळतो असे धरू. सत्तर किलोच्या तरुणासाठी सत्तर भागिले चौदा म्हणजे पाच; पाच गुणिले २.२ म्हणजे अकरा चौरस मीटर. छप्पन्न किलोच्या त्याच्या बहिणीसाठी उत्तर ८.८, म्हणजे नऊ. चौऱ्याऐंशी किलोच्या काकांसाठी १३.२. एकाच घरातील तिघांना एकच पतंग पुरणार नाही, हे या तीन आकड्यांतून स्पष्ट होते. भावाने घेतलेला पतंग बहिणीने वापरावा, ही सायकलच्या बाबतीत चालणारी काटकसर येथे धोक्याची ठरते.

आता तोच सत्तर किलोचा तरुण रामेश्वरमला गेला आणि तेथे वीस नॉट वारा असला, तर उत्तर ७.७, म्हणजे आठच्या आसपास येते. माणूस तोच, कौशल्य तेच. केवळ जागा बदलली आणि पतंग तीन चौरस मीटरने लहान झाला. म्हणून ‘पहिला पतंग कोणता’ या प्रश्नाआधी ‘कोठे उडवणार’ हा प्रश्न यावा. जो नवी मुंबईहून वर्षातून दोन-तीन वेळा गोव्यालाच जाणार आहे, त्याने गोव्याच्या वाऱ्याचा पतंग घ्यावा. परदेशातील जोरदार वाऱ्याच्या किनाऱ्यांची शिफारस वाचून सात-आठ चौरस मीटरचा पतंग मागवला, तर तो बहुतेक दुपारी वाळूवर पडून राहील.

आकार लहान घेतला की सुरक्षितता आपोआप येते, असाही एक समज आहे. तो पूर्ण खरा नाही. फार लहान पतंग हलक्या वाऱ्यात माणसाला पाण्यातून उचलत नाही. मग शिकणारा त्याला जोरजोराने फिरवतो, आणि लहान पतंग चपळ असल्याने हुकला की हिसकाही तितकाच अचानक बसतो. मोठ्या पतंगाचा धोका याहून गंभीर आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बारा नॉटचा वारा अठरा नॉट झाला, तर वेग दीडपट होतो, पण दाब सव्वादोनपट. चक्रवाढ व्याज जाणणाऱ्यांना हे गणित लवकर पटावे. जो पतंग दुपारी एक वाजता ओळखीचा वाटत होता, तोच तीन वाजता परका होतो. म्हणून दोन आकारांच्या मध्ये मन अडकले, तर नवशिक्याने लहान आकाराकडे झुकावे, फळी मात्र थोडी मोठी घ्यावी. रुंद फळी हलक्या वाऱ्यातही तरंगून धरते.

ओढण्याइतकेच सोडणे महत्त्वाचे

आकार ठरला की जातीचा विचार. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे खोलगट पतंग उंच उड्या आणि कसरतींसाठी असतात. ते वारा सहज सोडत नाहीत आणि पडल्यावर उठायला हट्टी असतात. हवेच्या नळ्यांऐवजी कापडी कप्प्यांनी फुलणारे पतंग हलक्या वाऱ्यात अप्रतिम चालतात, ऑलिंपिकमध्ये तेच दिसतात. पण पाण्यात फार वेळ राहिले तर कप्प्यांत पाणी शिरते, आणि नवशिक्या तर पाण्यातच अधिक असतो. पहिल्या पतंगासाठी पसरट, कडांना मागे वळलेल्या आकाराचा, पुढची नळी आणि बहुधा तीन आडव्या नळ्या असलेला, सर्वसाधारण वापराचा पतंग योग्य. २००५ च्या सुमारास अशा पसरट पतंगांचा प्रसार झाला, आणि बार दूर ढकलताच ओढ जवळजवळ शून्यावर आणणे सामान्य माणसाच्या हातात आले.

डिपॉवर पुरेसा नसेल तेव्हा दुसरी वाट हवी. छातीसमोरील सुटकेची कळ ढकलली की बार सुटतो आणि पतंग एकाच दोरीवर, वाऱ्यात लोंबणाऱ्या निशाणासारखा, निर्जीव होतो. तरीही ओढ राहिली, तर तिसरी कळ त्या शेवटच्या दोरीपासूनही माणसाला मोकळे करते. या सुटकेच्या यंत्रणेसाठी २०२० साली आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. खरेदीच्या वेळी बारवर या मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे. विक्रेत्यासमोरच, हार्नेस घालून, डोळे मिटून एका हाताने ती कळ ढकलून पाहावी. पुन्हा जोडून पाहावी. दहा वेळा पाहावी. ज्याची कळ अडते तो बार, कितीही स्वस्त असला तरी, घरी आणू नये.

व्यवहारात शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी, हे बाजारातील जुने शहाणपण. किनाऱ्यावर ते शब्दशः प्राण वाचवते. जाणकार सांगतात की या खेळातील गंभीर अपघात बहुधा खोल पाण्यात होत नाहीत. ते वाळूवर, पतंग चढवताना किंवा उतरवताना होतात. माणूस अचानक ओढला जातो आणि समोर झाड, भिंत किंवा होडी असते. पतंग हातचा जाईल, समुद्रात वाहून जाईल, लाखाचे नुकसान होईल, या विचाराने जो क्षणभर थांबतो, तोच संकटात सापडतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी पतंग देतानाच स्पष्ट सांगावे: ‘वेळ आली तर सोडून दे, हिशेब कोणी मागणार नाही.’ हे एक वाक्य हेल्मेटइतकेच उपयोगी आहे.

नवा की वापरलेला

नव्या पतंगाची किंमत, बार धरून, लाखाच्या घरात किंवा त्याहून वर जाते. त्यावर फळी, हार्नेस, हेल्मेट आणि तरंगते जाकीट यांचा खर्च. त्यामुळे वापरलेल्या वस्तूकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. तीन-चार वर्षांचा, नीट राखलेला पतंग नवशिक्याला पुरेसा असतो, किंबहुना शोभतो. कारण पहिल्या हंगामात तो अनेकदा आपटणारच. परंतु तारण तपासावे तसा तो तपासला पाहिजे.

पतंग पूर्ण हवा भरून काही तास, शक्य असल्यास रात्रभर, तसाच ठेवावा. सकाळी नळी मऊ पडली असेल, तर आत गळती आहे. कापड बोटांत चुरगाळावे. ताजे कापड कागदासारखे करकरते, उन्हाने खाल्लेले मऊ आणि निस्तेज होते. मागच्या कडेच्या शिवणी प्रकाशासमोर धरून पाहाव्यात. चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून ताणाव्यात. लांबी सारखी नसेल, तर पतंग एका बाजूला झुकेल. बार त्याच पतंगासाठी बनलेला आहे का, हे विचारावे. एकाचा बार दुसऱ्याला जोडण्याची काटकसर करू नये. पतंग जुना चालेल, सुटकेची यंत्रणा मात्र नवी असावी. इंटरनेटवर केवळ छायाचित्र पाहून, मूळ कंपनीची माहिती न देणाऱ्याकडून, ‘अर्ध्या किमतीत’ मिळणारा दहा-बारा वर्षांपूर्वीचा पतंग हा सौदा नसून बुडीत कर्ज आहे. पहिल्या वर्षी वर्गातूनच पतंग भाड्याने घेणे हा पर्यायही गौण मानू नये. वर्षातून आठ दिवस वापरायच्या वस्तूत भांडवल अडकवायचे की नाही, याचा हिशेब प्रत्येक घराने आपापला करावा.

आणखी एक कागद पाहण्यासारखा आहे, तो विमा पॉलिसीचा. अनेक अपघात व आरोग्य विमा पॉलिसींत साहसी खेळांतील इजा वगळलेली असते. ते कलम बारीक अक्षरांत असते. वर्गाला जाण्यापूर्वीच वाचावे, आणि लागल्यास त्यासाठीचे वेगळे संरक्षण घ्यावे.

वारा वाचणारे शहर

गोव्याहून परतल्यावर पतंग गोड्या पाण्याने धुवावा, सावलीत पूर्ण वाळवावा, सैल घडी करून कोरड्या जागी ठेवावा. नवी मुंबईची दमट हवा ओल्या घडीला बुरशी आणते. त्यानंतर तो पुढच्या प्रवासापर्यंत कपाटात राहतो. परंतु ज्याने एकदा पतंग हाताळला, त्याचे या शहराकडे पाहणे बदलते. अटल सेतूवरून जाताना तो पाण्यावरील सुरकुत्या पाहतो. वाशीच्या पुलावरून ओहोटीला उघडा पडलेला चिखल पाहतो आणि त्यात चोच घालून उभा असलेला गुलाबी थवा. बेलापूरच्या एखाद्या इमारतीवरील झेंडा किती ताठ उभा आहे, यावरून तो वाऱ्याचा अंदाज बांधतो. ज्या खाडीने त्याला पतंग उडवू दिला नाही, तिनेच त्याला वारा, भरती आणि अडथळे वाचायला शिकवलेले असते.

पहिला पतंग फार काळ राहत नाही. दोन-तीन हंगामांत शिकणारा पुढे जातो आणि तो पतंग दुसऱ्या कोणा नवशिक्याच्या हाती सोपवला जातो. म्हणून तो सर्वांत वेगवान, सर्वांत मोठा किंवा सर्वांत देखणा असण्याची गरज नाही. तो त्या किनाऱ्याच्या वाऱ्याला साजेसा, शिकणाऱ्याच्या वजनाला झेपणारा, पडला तर उठणारा आणि सांगताक्षणी सोडणारा असावा. ज्या घरात ही चार लक्षणे पाहून पतंग आला, त्या घरातील मुले दुपारी निर्धास्त वाऱ्यावर जातील आणि दिवस मावळण्यापूर्वी ताटावर परत येतील.